लहान मुलांमधील अन्नाची तीव्र ॲलर्जी : वाचकांचे प्रश्न आणि बालरोगतज्ज्ञांची उत्तरे

लहान मुलांना अन्नामुळे होणाऱ्या ॲलर्जीविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांमध्ये एकच काळजी निरनिराळ्या शब्दांत व्यक्त झाली आहे : मुलाला अचानक काही झाले, तर ते आपल्याला वेळेवर ओळखता येईल का आणि त्या क्षणी नेमके काय करायचे? म्हणून या अंकात त्या प्रश्नांना अधिक जागा दिली आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून, पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. उत्तरे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावीत. आपल्या मुलासाठीच्या औषधाची मात्रा आणि आणीबाणीचा आराखडा त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावा.

प्रश्न : माझा मुलगा १४ महिन्यांचा आहे. त्याला अंडे भरवल्यावर दहा मिनिटांत तोंडाभोवती गांधी उठल्या, त्याला दोनदा उलटी झाली आणि नंतर तो मलूल होऊन खांद्यावर पडून राहिला. घरात ॲलर्जीचे पातळ औषध होते, ते दिले. तासाभराने तो खेळू लागला. त्याच्या बाबांना वाटते की हे साधे पित्त होते. मला मात्र त्याचे ते गळून जाणे विसरता येत नाही. ही तीव्र प्रतिक्रिया होती का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून ती तीव्र प्रतिक्रिया होती, असेच मी धरून चालेन. वैद्यकात तिला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. केवळ त्वचेवर गांधी उठल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती, परंतु आपल्या मुलाच्या बाबतीत त्वचा आणि पचनसंस्था या दोन्ही एकाच वेळी बिघडल्या आणि त्यात तो गळून गेला. नेहमी ज्याची ॲलर्जी होते असा पदार्थ खाल्ल्यानंतर काही मिनिटांपासून साधारण दोन तासांपर्यंतच्या अवधीत त्वचा, श्वसन, पचन आणि रक्ताभिसरण यांपैकी दोन संस्थांवर एकदम परिणाम दिसला, तर ती ॲनाफिलॅक्सिस समजून उपचार करावेत. श्वासाचा त्रास किंवा रक्तदाब घसरल्याची चिन्हे असतील, तर दुसऱ्या संस्थेची वाट पाहण्याचेही कारण नाही. साधारण १० ते २० टक्के रुग्णांमध्ये त्वचेवर काहीच दिसत नाही. म्हणूनच ‘अंगावर काही उठलेले नाही, मग ॲलर्जी कशी असेल?’ हा विचार धोक्याचा ठरतो.

बोलता न येणाऱ्या बाळात ही ओळख अधिक कठीण असते. घशाला आवळल्यासारखे होते, छाती भरून येते किंवा डोके हलके वाटते, हे ते सांगू शकत नाही. त्याच्याकडे बघूनच समजून घ्यावे लागते. रडण्याचा आवाज एकाएकी घोगरा होणे, लाळ गिळता न आल्यामुळे ती सतत गळणे, भुंकल्यासारखा खोकला, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जाणे, पुन्हा पुन्हा जोरात उलटी होणे, त्वचा फिकट किंवा चट्टेदार दिसणे आणि नुकतेच खेळत असलेले बाळ हाक मारूनही प्रतिसाद न देता ढिले पडणे, ही सगळी काळजीची चिन्हे आहेत. यांपैकी काही गोष्टी निरोगी बाळातही दिसतात. बाळे लाळ गाळतात, दूध ओकतात, जेवल्यावर झोपतात. पण खाल्ल्यानंतर थोड्या वेळात, अचानक आणि एकाहून अधिक चिन्हे एकत्र दिसली, तर तो योगायोग समजू नये.

आता उपचाराचे. ॲनाफिलॅक्सिसवर प्रथम द्यायचे औषध एकच आहे आणि ते म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनालिनचे इंजेक्शन. प्रतिक्रियेच्या वेळी शरीरातील मास्ट पेशींमधून हिस्टामिन आणि इतर अनेक रसायने एकदम बाहेर पडतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या सैल होऊन त्यांतील द्रव ऊतींमध्ये झिरपतो, रक्तदाब घसरतो, घशाला सूज येते आणि श्वासनलिका आवळतात. ॲड्रेनालिन रक्तवाहिन्या आकुंचित करते, श्वासनलिका मोकळ्या करते, हृदयाला बळ देते आणि मास्ट पेशींतून आणखी रसायने बाहेर पडण्यालाही आळा घालते. अँटिहिस्टामाइन, म्हणजे आपण दिलेल्या पातळ औषधासारखे नेहमीचे ॲलर्जीचे औषध, या सगळ्यांपैकी फक्त हिस्टामिनचा परिणाम अडवते आणि तेही तोंडावाटे दिल्यावर अर्ध्या ते एक तासाने. त्याने खाज आणि गांधी कमी होतात, म्हणजे आजार डोळ्यांना कमी दिसतो, पण घशाची सूज आणि रक्तदाब यांवर ते काहीच करू शकत नाही. स्टेरॉइडचा परिणाम तर काही तासांनी सुरू होतो.

आपला मुलगा त्या दिवशी पातळ औषधामुळे सावरला असे वाटणे स्वाभाविक आहे, पण त्याच्या शरीराने स्वतःच तयार केलेल्या ॲड्रेनालिनने त्याला सावरले असण्याची शक्यता अधिक आहे. पुढच्या वेळी तसेच होईल, असे कोणीही सांगू शकणार नाही. ब्रिटनमध्ये ॲनाफिलॅक्सिसने झालेल्या मृत्यूंचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात अन्नामुळे प्रतिक्रिया झालेल्यांमध्ये श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतच्या काळाचा मध्यक ३० मिनिटे होता. म्हणजे अँटिहिस्टामाइनचा परिणाम दिसू लागावा, तेवढाच हा काळ. असे मृत्यू फार थोडे असतात, हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपण रात्रीची झोप गमवावी असे मला वाटत नाही. परंतु जे टाळता येतात, ते बहुधा ॲड्रेनालिन लवकर दिल्यानेच टळतात. आपण अंडे पूर्ण थांबवावे, लवकरात लवकर ॲलर्जीचे काम पाहणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि मुलाच्या बाबांनाही सोबत न्यावे.

प्रश्न : आमच्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी असल्यामुळे डॉक्टरांनी ॲड्रेनालिनचे ऑटो-इंजेक्टर (औषध आधीच भरलेले, टोचण्याचे उपकरण) लिहून दिले आहे. ती तीन वर्षांची आहे. खरे सांगायचे तर ते टोचण्याचीच मला जास्त भीती वाटते. गरज नसताना दिले गेले तर तिच्या हृदयाला इजा होणार नाही का? आणि द्यायचे ठरले, तर त्या वेळी काय काळजी घ्यायची?

उत्तर : ही भीती मी जवळजवळ प्रत्येक आई-वडिलांच्या तोंडून ऐकतो आणि ती दूर करणे हे माझ्या कामातील सर्वांत महत्त्वाचे काम मानतो. मुलांसाठी ॲड्रेनालिनची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम असते. १० किलोच्या मुलाला ०.१ मिलिग्रॅम. लहान मुलांच्या ऑटो-इंजेक्टरमध्ये सहसा ०.१५ मिलिग्रॅम असते आणि मोठ्या मुलांच्या ऑटो-इंजेक्टरमध्ये ०.३ मिलिग्रॅम. एवढे औषध मांडीच्या स्नायूत दिल्यावर मूल काही मिनिटे फिकट दिसते, त्याचे हात थरथरतात, छाती धडधडते, ते घाबरेघुबरे होते आणि हे सारे साधारण अर्ध्या तासात ओसरते. निरोगी हृदयाच्या मुलाला या मात्रेने, या मार्गाने इजा होत नाही. ॲड्रेनालिनच्या गंभीर दुष्परिणामांच्या ज्या घटना सांगितल्या जातात, त्या बहुतेक वेळा शिरेतून किंवा चुकीच्या मात्रेत दिल्यामुळे घडलेल्या असतात. गरज नसताना दिले तर अर्ध्या तासाची धडधड आणि गरज असताना दिले नाही तर जिवाला धोका, अशी ही तुलना आहे. म्हणून शंका असेल, तर द्यावे.

ते मांडीच्या मध्यभागी, बाहेरच्या बाजूला द्यायचे. घाई असेल तर कपड्यांवरूनही देता येते. मूल पाय झटकणारच, म्हणून एका हाताने पाय घट्ट धरून ठेवावा, नाहीतर सुईने ओरखडा उठू शकतो. उपकरणाच्या दोन टोकांपैकी सुईचे टोक कोणते, टोपण कोणते आणि किती सेकंद दाबून धरायचे, हे उपकरणागणिक बदलते. त्यामुळे सरावासाठी मिळणाऱ्या, सुई नसलेल्या नमुन्यावर घरातील प्रत्येक मोठ्या माणसाने हे अनेकदा करून पाहावे. ज्या घरांना ऑटो-इंजेक्टर मिळू शकत नाही, त्यांना काही डॉक्टर ॲम्प्यूल आणि सिरिंज देऊन शिकवतात. मात्र भेदरलेल्या मनाने औषध मोजून ओढताना वेळ जातो आणि मात्राही चुकते. त्यामुळे डॉक्टरांसमोर पुन्हा पुन्हा सराव केल्याशिवाय त्या पद्धतीवर विसंबू नये.

इंजेक्शन दिल्यावर लगेच रुग्णवाहिका बोलवावी. मुलाला आडवे झोपवून पाय थोडे उंच ठेवावेत. श्वासाला त्रास होत असेल, तर पाय समोर पसरून बसू द्यावे. उलट्या होत असतील किंवा शुद्ध हरपत असेल, तर कुशीवर वळवावे. बरे वाटू लागले म्हणून त्याला उभे करू नये, चालवू नये. रक्तदाब घसरलेला असताना एकदम उठल्याने हृदयाकडे परतणारे रक्त अपुरे पडते आणि अशा क्षणी हृदय बंद पडल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. तान्ह्या बाळाला आपण सवयीने खांद्यावर उभे धरतो, तेही या वेळी टाळून त्याला हातांवर आडवे घ्यावे. पाच मिनिटांत उतार दिसला नाही, तर दुसरी मात्रा द्यायची असते. म्हणूनच दोन उपकरणे नेहमी एकत्र ठेवायची आणि मूल जिथे जाईल तिथे ती जायला हवीत. घरी कपाटात आणि मूल बाहेर, असे होऊ देऊ नये. औषध फ्रिजमध्ये ठेवू नये, उन्हात तापलेल्या गाडीतही ठेवू नये आणि त्यावरची मुदत दर महिन्याला पाहावी.

एकदा उतार पडला तरी रुग्णालयात जाणे आवश्यक असते. काही मुलांमध्ये त्या पदार्थाचा पुन्हा संपर्क न येताही काही तासांनी लक्षणे परततात. पहिले इंजेक्शन उशिरा मिळालेल्या किंवा एकाहून अधिक मात्रा लागलेल्या मुलांमध्ये ही शक्यता जास्त असते. त्यांना अधिक काळ देखरेखीखाली ठेवतात.

प्रश्न : माझ्या भाच्याने काजू याआधीही खाल्ले होते आणि तेव्हा त्याला काहीच झाले नव्हते. मग या वेळी एवढी सूज कशी आली? पुढची प्रतिक्रिया याहून जोरात होईल, असे सगळे म्हणतात. ते खरे आहे का?

उत्तर : आधी खाऊन काही झाले नाही, हे ॲलर्जीच्या विरोधातील पुरावा नसून ॲलर्जीच्या घडणीचाच भाग आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रफुलाच्या विषावर प्रयोग करताना हे प्रथम स्पष्टपणे पाहिले. ज्या कुत्र्याने विषाची पहिली मात्रा सहज पचवली होती, तोच काही आठवड्यांनी दिलेल्या लहानशा मात्रेने काही मिनिटांत दगावला. हे निरीक्षण त्यांनी १९०२ साली मांडले आणि त्यासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यामागील प्रतिपिंडाचा, म्हणजे आयजीईचा, शोध लागायला मात्र १९६० च्या दशकाची अखेर उजाडली. आधीच्या एखाद्या संपर्कात शरीर हे प्रतिपिंड तयार करते, ते मास्ट पेशींवर जाऊन बसते आणि पुढच्या संपर्कात त्या पेशी आपली रसायने बाहेर सोडतात. पहिला संपर्क खाण्यातूनच आलेला असतो असेही नाही. तो त्वचेतून किंवा आईच्या दुधातूनही येऊ शकतो. त्यामुळे काही मुलांमध्ये पहिल्याच घासाला प्रतिक्रिया दिसते.

दर वेळी प्रतिक्रिया आधीपेक्षा जोरातच येते, हे खरे नाही. ती सौम्यही असू शकते. मात्र मागची सौम्य होती म्हणून पुढचीही तशीच असेल, असे मानता येत नाही. किती खाल्ले, त्या वेळी ताप किंवा सर्दी होती का, खाल्ल्यानंतर धावपळ झाली का, दमा आटोक्यात होता का, यांवर ती बदलते. यांतील दम्याकडे विशेष लक्ष द्यावे. अन्नाची ॲलर्जी असलेल्या मुलाचा दमा नीट नियंत्रणात नसेल, तर प्रतिक्रिया जिवावर बेतण्याचा धोका वाढतो.

प्रश्न : दीड वर्षाच्या मुलीच्या अंगावर सारखे इसबाचे चट्टे येतात म्हणून आम्ही रक्ताची एक मोठी तपासणी करून घेतली. अहवालात दूध, गहू, सोयाबीन, अंडे, तीळ आणि आणखी १० पदार्थांपुढे ‘पॉझिटिव्ह’ असे आहे. हे सगळे ती आतापर्यंत खात आली आहे. आता ते सगळे बंद केले आहे. तिचे वजन वाढत नाही. काय करावे?

उत्तर : आपले पत्र वाचून मला फार वाईट वाटले, कारण यातील बराचसा त्रास आजारामुळे नव्हे, तर अहवाल ज्या पद्धतीने वाचला गेला त्यामुळे झालेला आहे. रक्तातील आयजीई किंवा त्वचेवरील टोचणी-चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली, तर त्याचा अर्थ शरीराने त्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंड तयार केले आहे, एवढाच असतो. तो पदार्थ खाल्ल्यावर मुलाला त्रास होईलच, असा नसतो. इसब असलेल्या मुलांमध्ये अशी निरर्थक ‘पॉझिटिव्ह’ उत्तरे विशेषतः जास्त येतात. अहवालातील आकडा मोठा असला, तर खरी ॲलर्जी असण्याची शक्यता वाढते, पण प्रतिक्रिया किती तीव्र होईल हे त्या आकड्यावरून कळत नाही. ही तपासणी एखाद्या विशिष्ट पदार्थाविषयी, विशिष्ट घटनेनंतर करायची असते. घटना काहीच नसताना ३०-४० पदार्थांची सरसकट यादी तपासणे, हे मला मुलांवर अन्याय करणारे वाटते. आयजीजी नावाच्या प्रतिपिंडाच्या ज्या तपासण्या ‘अन्न न सोसण्याचे निदान’ म्हणून विकल्या जातात, त्या तर ॲलर्जीच्या निदानासाठी पूर्णपणे निरुपयोगी आहेत. आयजीजी वाढलेले असणे म्हणजे मूल तो पदार्थ खाते, इतकाच त्याचा अर्थ.

जे पदार्थ आपली मुलगी कोणताही त्रास न होता नियमित खात होती, ते तिला सोसतात, याहून मोठा पुरावा कोणतीही तपासणी देऊ शकत नाही. तरीही आज घाईने घरीच ते सगळे पुन्हा सुरू करू नयेत आणि त्याचे कारण महत्त्वाचे आहे. इसब असलेल्या मुलांमध्ये नियमित खाल्ला जाणारा पदार्थ बराच काळ बंद ठेवला, तर शरीराची त्याविषयीची सहनशीलता ढळू शकते आणि पुन्हा दिल्यावर खरोखरीची तत्काळ प्रतिक्रिया झाल्याची उदाहरणे आहेत. पदार्थ बंद करून किती दिवस झाले, हे आपण लिहिलेले नाही. म्हणून ॲलर्जीतज्ज्ञांकडे जाऊन कोणता पदार्थ घरी सुरू करायचा आणि कोणता रुग्णालयात त्यांच्या समोर थोडा थोडा वाढवत खाऊ घालून पाहायचा, हे ठरवून घ्यावे. देखरेखीखालील ही चाचणीच अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानाची सर्वांत विश्वासार्ह कसोटी आहे. ती घरी करू नये.

तोवर दोन गोष्टी लगेच कराव्यात. इसबासाठी त्वचेवरील उपचार, म्हणजे दिवसातून अनेकदा मॉइश्चरायझर आणि डॉक्टरांनी दिलेले मलम, हे खंड न पाडता सुरू ठेवावेत. बहुतेक मुलांचा इसब अन्नामुळे नव्हे, तर त्वचेच्या कमकुवत आवरणामुळे होतो. दुसरे म्हणजे, दुधाच्या जागी काय द्यायचे हे आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे. गाईच्या दुधाची ॲलर्जी खरोखर असेल, तर शेळीचे दूध हा पर्याय नव्हे, कारण दोन्हींतील प्रथिने इतकी सारखी असतात की बहुतेक मुलांना दोन्हींचा त्रास होतो. बदाम किंवा तांदळापासून केलेली पेये एवढ्या लहान मुलाच्या दुधाची जागा घेऊ शकत नाहीत, त्यांत प्रथिने फार कमी असतात. वजन न वाढणे हे मुलीच्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवावे.

प्रश्न : माझी नात पाच महिन्यांची आहे. तिच्या गालांवर आणि हातापायांवर इसब आहे. माझ्या मुलाच्या वेळी डॉक्टरांनी शेंगदाणा तीन वर्षांपर्यंत देऊ नका असे सांगितले होते. आता सुनेला तिच्या डॉक्टरांनी उलटे सांगितले आहे. मी कोणाचे खरे मानू?

उत्तर : आजी, आपल्या सुनेच्या डॉक्टरांचे. आपल्याला मिळालेला सल्ला त्या काळच्या समजुतीला धरूनच होता. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना शेंगदाणा तीन वर्षांपर्यंत देऊ नये असे सुचवले होते. पण त्याला पुरेसा आधार नसल्याचे दिसून आल्यावर २००८ मध्ये त्या संघटनेने ती भूमिका सोडली. त्याच वर्षी एक तुलना प्रसिद्ध झाली. इस्रायलमधील बाळे पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ खातात आणि तिथल्या ज्यू मुलांपेक्षा ब्रिटनमधील ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे दहापट आढळली. मग लंडनमध्ये गिडियन लॅक यांच्या नेतृत्वाखाली ६४० बाळांवर एक प्रयोग झाला. ही बाळे ४ ते ११ महिन्यांची होती आणि त्यांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी होती. अर्ध्यांना शेंगदाणा नियमित खाऊ घातला, अर्ध्यांना पूर्ण वर्ज्य केला. पाच वर्षांच्या वयात वर्ज्य केलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली होती आणि खाणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्के मुलांना. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि अनेक देशांचे सल्ले बदलले. हे संरक्षण किशोरवयापर्यंत टिकल्याचेही पुढे दिसून आले.

याचे कारण असे मानले जाते की, इसबाने फाटलेल्या त्वचेतून घरातील धुळीतले अन्नाचे कण आत गेले, तर शरीर त्यांच्याविरुद्ध जाते. तेच अन्न तोंडावाटे आतड्यात गेले, तर शरीर ते स्वीकारायला शिकते. म्हणजे उशीर केल्याने बाळाचे रक्षण होत नाही, फक्त त्वचेला आधी संधी मिळते.

मात्र आपल्या नातीला इसब आहे, त्यामुळे सुरुवात कशी करायची हे तिच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. इसब तीव्र असेल, तर ते आधी तपासणी करतील किंवा पहिला घास दवाखान्यात देण्यास सांगतील. सौम्य असेल आणि घरी देण्यास त्यांनी संमती दिली, तर बाळ आजारी नसताना, दिवसाढवळ्या, मोठे माणूस पुढचे दोन तास जवळ राहू शकेल अशा वेळी द्यावे. मऊ वाटलेला शेंगदाणा पाण्यात किंवा बाळाच्या नेहमीच्या अन्नात पातळ कालवून आधी चमच्याच्या टोकाएवढा द्यावा, दहा-पंधरा मिनिटे पाहावे, मग थोडा थोडा वाढवावा. अख्खे किंवा भरडलेले दाणे पाच वर्षांपर्यंत मुळीच देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. आधी गालाला लावून पाहू नये. एकदा सोसला की आठवड्यातून दोन-तीनदा देत राहणे महत्त्वाचे, कारण प्रयोगातील लाभ नियमित खाण्याचा होता. अंडेही पूर्ण शिजवून याच सुमारास सुरू करता येते.

प्रश्न : आमच्या सात महिन्यांच्या बाळाला भाताची पेज दिल्यावर दोन तासांनी एकामागून एक उलट्या झाल्या आणि ते पांढरेफटक पडले. असे दोनदा झाले. अंगावर एकही गांधी नव्हती. ॲलर्जीची तपासणी पूर्ण स्वच्छ आली. मग हे काय?

उत्तर : हा अन्नातील प्रथिनांमुळे आतड्याला होणारा दाह असण्याची शक्यता आहे. तो आयजीईमुळे होत नाही, म्हणूनच नेहमीच्या तपासण्यांत काही दिसत नाही. खाल्ल्यानंतर एक ते चार तासांनी जोरदार उलट्या, फिकटपणा आणि मलूलपणा, काहींना नंतर जुलाब, असे त्याचे स्वरूप असते. तांदूळ, ओट्स, गाईचे दूध, सोयाबीन आणि मासे हे त्याला कारणीभूत ठरणारे नेहमीचे पदार्थ. अनेकदा तो रक्तातला जंतुसंसर्ग किंवा पोटाचा साधा बिघाड समजला जातो. त्यावरचा मुख्य उपचार शिरेतून द्रव देणे आणि उलटी थांबवणारे औषध हा असतो. ॲड्रेनालिनने या आजारातील उलट्या थांबत नाहीत. तांदूळ पूर्ण थांबवून, दोन्ही वेळा काय दिले आणि किती वेळाने काय झाले, ते तारीख-वेळेसह लिहून तज्ज्ञांना दाखवावे, निदान मुख्यतः त्यावरूनच होते. तिसऱ्यांदा असे घडले, तर घरी पाणी पाजत बसू नये, थेट रुग्णालयात न्यावे. बहुतेक मुले तीन ते पाच वर्षांच्या वयापर्यंत यातून बाहेर पडतात.

प्रश्न : मी पाळणाघर चालवते. दोन मुलांना तीव्र ॲलर्जी आहे, एकाला दुधाची आणि एकीला शेंगदाण्याची. नुसत्या वासाने किंवा स्पर्शाने त्यांना काही होईल का? त्यांना वेगळे बसवावे का?

उत्तर : शेंगदाण्याच्या नुसत्या वासाने तीव्र प्रतिक्रिया होत नाही. वास देणाऱ्या रसायनांत प्रथिने नसतात. मासे किंवा दूध उकळताना निघणाऱ्या वाफेत मात्र प्रथिने असू शकतात, म्हणून स्वयंपाकाच्या जागेपासून ती मुले दूर असावीत. धडधाकट त्वचेला स्पर्श झाल्यास तिथल्यापुरत्या गांधी येतात. खरा धोका पोटात जाण्याचा आहे आणि तीन वर्षांखालील मूल प्रत्येक गोष्ट तोंडात घालते. सांडलेले दूध, दुसऱ्याचा पेला, चोखलेले खेळणे हे त्या वयात अन्नच असते. म्हणून खाण्याआधी आणि खाल्ल्यावर सगळ्या मुलांचे हात साबणाने आणि पाण्याने धुवावेत. हाताला चोळायच्या सॅनिटायझरने जंतू मरतात, प्रथिने तशीच राहतात.

मुलांना एकटे बसवू नये. जेवताना त्यांच्याशेजारी एक मोठे माणूस बसावे, तेवढे पुरेसे आहे. प्रत्येक मुलाचा फोटो, कोणते पदार्थ वर्ज्य आहेत, कोणती लक्षणे दिसली तर काय करायचे, हे डॉक्टरांच्या सहीचे एक पान भिंतीवर लावावे आणि औषध कुलपात न ठेवता मोठ्यांच्या हाताला येईल पण मुलांच्या हाताला येणार नाही अशा जागी ठेवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, इंजेक्शन देण्यापूर्वी पालकांना फोन करून परवानगी मागण्यात वेळ जाऊ नये. ती परवानगी प्रवेशाच्या दिवशीच लेखी घ्यावी.

प्रश्न : ही ॲलर्जी कधी जाईल का? यावर काही नवे औषध आले आहे का?

उत्तर : दूध, अंडे, गहू आणि सोयाबीन यांची ॲलर्जी बहुतेक मुलांमध्ये शाळेच्या वयापर्यंत किंवा किशोरवयापर्यंत जाते. शेंगदाण्याची सुमारे पाचांपैकी एकात, अक्रोड-काजूसारख्या फळांची सुमारे दहांपैकी एकात. दूध आणि अंडे पिठात मिसळून बराच वेळ भाजलेल्या स्वरूपात अनेक मुलांना आधीच सोसू लागते, पण त्याची पहिली चाचणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. नियंत्रित पद्धतीने अत्यल्प मात्रेपासून तोच पदार्थ रोज खाऊ घालत सहनशीलता वाढवण्याचा उपचार काही केंद्रांत होतो. शेंगदाण्यासाठीच्या अशा औषधी भुकटीला अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली. ओमॅलिझुमॅब हे आयजीईला बांधून ठेवणारे इंजेक्शन २०२४ साली तिथे एक वर्षावरील अन्न-ॲलर्जीच्या रुग्णांसाठी मान्य झाले. दोन्हींचा उद्देश चुकून पोटात गेलेल्या थोड्या अन्नाने मोठी प्रतिक्रिया होऊ नये हा आहे. त्यांच्यामुळे पथ्य संपत नाही आणि ॲड्रेनालिन जवळ ठेवणेही सुटत नाही.

प्रश्न : अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला गोवर-गालगुंड-रुबेलाची लस द्यावी का? आमच्या ओळखीतील एकांनी नको म्हणून सांगितले आहे.

उत्तर : द्यावी आणि ठरल्या वेळी द्यावी. या लशीतील काही घटक कोंबडीच्या भ्रूणातील पेशींवर वाढवतात, पण तयार लशीत अंड्याचे प्रथिन नगण्य असते. अंड्याने ॲनाफिलॅक्सिस झालेल्या मुलांनाही ती सुरक्षितपणे दिली गेली आहे. इन्फ्लुएन्झाच्या लशीबाबतही तेच. पीतज्वराची लस तेवढी वेगळी. तिच्यात अंड्याचे प्रथिन जास्त असते, म्हणून त्या लशीची गरज पडली तर आधी ॲलर्जीतज्ज्ञांना विचारावे. यापूर्वी एखाद्या लशीनेच तीव्र प्रतिक्रिया झाली असेल, तर मात्र ते अंड्याहून निराळे कारण असते आणि पुढची लस देण्याआधी त्याचा शोध घ्यावा लागतो.